डिचोलीचं न झालेलं युद्ध: एका बनावट लेखाची साडेपाच वर्षं

१६४० च्या मध्यावर गोव्याच्या उत्तरेला, डिचोलीच्या मुलखात, पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात चकमकी सुरू झाल्या. रीतसर युद्ध कुणी पुकारलं नाही, पण लढाई काही महिने चालली. १६४१ च्या सुरुवातीला तह झाला आणि त्या तहामुळे गोव्याचं वेगळं अस्तित्व पुढे टिकून राहिलं.

इंग्रजी विकिपीडियावरच्या ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’ या लेखाचा हा सारांश. लेख जुलै २००७ मध्ये चढला. लांबी साधारण साडेचार हजार शब्द. दोन महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, त्याला ‘गुड आर्टिकल’ हा दर्जा मिळाला. शंभर लेखांत एकालाही सहसा न मिळणारा हा दर्जा. डिसेंबर २०१२ संपता संपता लेख वगळला गेला, कारण असं युद्ध झालंच नव्हतं. युद्ध नाही, तह नाही, आणि ज्या पुस्तकांच्या आधारावर हे सगळं लिहिलं होतं त्यातली महत्त्वाची पुस्तकंही नाहीत.

मराठी वाचक हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा हसतो. मीही हसलो होतो. १६४० साली मराठा साम्राज्य कुठलं? शिवाजीराजे तेव्हा दहा वर्षांचे. निजामशाही चार वर्षांपूर्वी बुडालेली, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात. राजांच्या चरित्रात त्या वर्षासमोर लढाई सापडत नाही, सईबाईंशी झालेलं लग्न सापडतं. राज्याभिषेकाला अजून चौतीस वर्षं होती. शाळेतला इतिहास जेमतेम आठवणाऱ्यालाही हे खटकायला हवं होतं.

तरी लेख साडेपाच वर्षं टिकला. मी काही वर्षं हौसेने विकिपीडियावरच्या नव्या पानांवर गस्त घालतो, म्हणजे नव्याने चढलेले लेख तपासतो, म्हणून मला या प्रकरणात लेखकाच्या चलाखीपेक्षा बाकीच्यांच्या वागण्यातच जास्त रस आहे. लबाडी केली एकाने. पण ती टिकली ती शेकडो प्रामाणिक माणसांच्या अगदी रास्त सवयींमुळे.

लेख खरा का वाटला

थाप जमायची तर तिच्या आजूबाजूचं सगळं खरं लागतं. इथे होतं. पोर्तुगीज गोव्यात १५१० पासून होते. मराठ्यांशी त्यांच्या लढाया खरोखरच झाल्या: नोव्हेंबर १६६७ मध्ये शिवाजी महाराजांनी बारदेशावर स्वारी केली, १६८३ मध्ये संभाजीराजांनी गोव्याला जवळजवळ गुडघे टेकायला लावले, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. डिचोली हे गाव खरं, आणि त्याचा मराठ्यांशी संबंधही खरा. तिथून जवळच नार्वे इथे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. म्हणजे गाव, दोन्ही पक्ष, वैर आणि शतक यांतलं काहीच बनावट नव्हतं. घटना तेवढी रचलेली, आणि तीही खऱ्या घटनांच्या पाव शतक आधी ढकललेली, जिथे नेमकं तपासायला कुणी जात नाही.

ढकलताना मात्र एक घोळ झाला. १६४० मध्ये डिचोली पोर्तुगिजांकडे नव्हती आणि मराठ्यांकडेही नव्हती, ती आदिलशाहीत होती. पोर्तुगिजांच्या हाती ती लागली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ‘नव्या काबिजादीं’बरोबर, म्हणजे तेव्हा नव्याने जिंकलेल्या मुलखांबरोबर. आणि १६४० च्या गोव्याला उत्तरेकडच्या चकमकींना वेळ तरी कुठे होता? १६३६ पासून डच जहाजं येऊन मांडवीचं तोंड अडवत होती. जानेवारी १६४१ मध्ये मलाक्का डचांच्या हाती गेलं. इकडे लिस्बनमध्ये १ डिसेंबर १६४० ला उठाव होऊन पोर्तुगाल स्पेनच्या राजवटीतून बाहेर पडलं. त्या दोन वर्षांचा गोव्याचा पत्रव्यवहार या सगळ्याने भरलेला असणार. लिस्बन आणि गोवा यांच्यात दर पावसाळी मोसमाला जहाजांतून जी पत्रं यायची-जायची त्यांची बाडं आजही जपलेली आहेत. पां. स. पिसुर्लेकरांसारख्या माणसाने गोव्याच्या दप्तरखान्यात हयात घालवली आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा एकेक धागा सोडवून दाखवला. सहा-आठ महिने चाललेलं युद्ध आणि त्यानंतरचा तह त्यांच्या नजरेतून सुटेल?

हे सगळं आज मांडायला सोपं आहे. मुद्दा असा की ज्यांना हे ठाऊक होतं ते तो लेख वाचत नव्हते, आणि जे वाचत होते त्यांना हे ठाऊक नव्हतं. ‘बिचोलिम’ या इंग्रजी रूपाने शोध कोण घेणार? डिचोलीचा माणूस ‘डिचोली’ म्हणतो. युद्धाचं नाव लेखकाने स्वतः पाडलेलं. ते आधी कुणी ऐकलेलंच नाही, तर शोधणार कोण? जाणकारांच्या वाटेवर न येणारं नाव निवडलं की निम्मं काम झालं. लेखकाने हे ठरवून केलं की आपोआप झालं, ते आता सांगता येणार नाही.

दर्जा मिळाला तो कसा

‘गुड आर्टिकल’ हा शब्द ऐकून वाटतं की इतिहासकारांची समिती बसली असेल. तसं नसतं. लेखात मोठी भर न घातलेला कुणीही सदस्य तो तपासायला घेऊ शकतो आणि निर्णय बहुतेकदा त्या एकट्याचा असतो. तो काय बघतो? भाषा स्वच्छ आहे का, मांडणीला क्रम आहे का, सूर तटस्थ आहे का, विषयाची बाजू सुटलेली नाही ना, चित्रांचे परवाने ठीक आहेत का, आणि विधानांना तळटीपा आहेत का.

शेवटच्या मुद्द्यापाशीच पाणी मुरलं. तळटीप आहे का, हे पाहणं एक काम. तळटिपेतलं पुस्तक उघडून त्यात ते वाक्य आहे का, हे पाहणं दुसरं. पहिल्याला पाच मिनिटं लागतात, दुसऱ्याला कधी कधी महिना. पुस्तक तुमच्या वाचनालयात नाही, छापील आहे, जालावर एक पानही नाही. मग तपासणारा म्हणतो, लिहिणाऱ्याने वाचलं असेल. विकिपीडियाच्या रूढ नियमांतही ‘समोरच्याचा हेतू चांगला धरा’ हेच सांगितलं आहे, आणि तो नियम नसता तर हा प्रकल्प आठवडाभरही चालला नसता. म्हणून त्या तपासनिसाला मी दोष देत नाही. त्याने काम केलं, फक्त ते लेखाच्या अंगरख्यावर केलं.

गंमत म्हणजे सुमार लेख याहून लवकर पकडला जातो. संदर्भ नसलेला, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेला चार ओळींचा लेख आला की दहा जण त्याच्यावर तुटून पडतात. हा लेख इतका नेटका होता की कुणाला हात लावावासा वाटला नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विकिपीडियावरच्या बनावट लेखांचा एक अभ्यास २०१६ मध्ये मांडला. त्यातही हेच दिसतं: बहुतेक थापा काही तासांत पकडल्या जातात आणि थोड्या वर्षानुवर्षं टिकतात. माणसांसमोर एक खरा आणि एक खोटा अशी लेखांची जोडी ठेवली, तर त्यांनी खोटा ओळखला तो शंभरात सहासष्ट वेळा. नुसतं नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतं. त्याच जोड्यांवर संगणकाच्या पद्धतीने शंभरात शहाऐंशी वेळा बरोबर उत्तर दिलं. ती काही लेख वाचून हसणारी हुशार पद्धत नव्हती. लेखाचं दिसणं सोडून तिने आजूबाजूला पाहिलं: हा विषय इतर लेखांत आधी आला होता का, इतर लेख इकडे जोडतात का, लिहिणाऱ्याने पूर्वी काय काम केलं आहे. माणसं मात्र बरेचदा लेख लांब आणि सजलेला दिसला की त्यालाच खरा समजत होती.

दर्जा मिळाल्यावर महिन्याभरात लेखकाने पुढचा डाव टाकला. ऑक्टोबर २००७ मध्ये लेख ‘फीचर्ड आर्टिकल’ साठी पाठवला. तिथे एक जण नाही, अनेक जण बघतात. तो प्रयत्न फसला. पण फसला म्हणजे लेख खोटा ठरला असं नाही, फक्त वरचा दर्जा नाकारला गेला. खालचा तसाच राहिला आणि आणखी पाच वर्षं त्याच खुणेच्या आडोशाला लेख सुखाने नांदला.

या पाच वर्षांत अशा पानावर काय घडतं ते सांगतो, कारण ते बाहेरच्यांना दिसत नाही. कुणी स्वल्पविराम दुरुस्त करतं. कुणी वर्ग जोडतं. बॉट, म्हणजे आपोआप संपादन करणारा संगणकी कार्यक्रम, येऊन तारखांचं रूप बदलून जातो. कुणी एखाद्या शब्दाला दुवा देतं. यातल्या एकानेही मजकूर तपासलेला नसतो, पण पानाचा ‘इतिहास’ उघडला की पन्नास वेगवेगळी नावं दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या लोकांच्या नजरेखालून गेलंय. खरं तर ती पन्नास माणसं एका घराचं दार रंगवून गेलेली असतात, आत कुणी शिरलेलंच नसतं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच. एखाद्या इतिहासप्रेमीने ‘१६४० मध्ये मराठा साम्राज्य नव्हतं’ हे पाहून तिथे ‘मराठा सरदार’ असा बदल केला असता, तर? लेख एका चुकीने हलका झाला असता आणि अजून पाच वर्षं जगला असता. कालविपर्यास, म्हणजे काळाचा असा घोळ, दिसला की आपण तो दुरुस्त करतो. मुळापासूनच खोटं असेल, ही शंका मनात येत नाही.

एक पुस्तक शोधायला निघालेला माणूस

पकडलं कुणी? सतराव्या शतकाच्या अभ्यासकाने नाही. पोर्तुगीज येणाऱ्यानेही नाही. एका जुन्या सदस्याने. त्याने केलेलं काम कुणालाही जमेल असं होतं: संदर्भयादीतली पुस्तकं अस्तित्वात आहेत का ते पाहिलं.

लेखाचा मोठा भार ज्या पुस्तकांवर होता त्यात ‘मिस्ट्रस्ट बिटवीन स्टेट्स’ नावाचं एक होतं. प्रकाशक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, साल १९९६. त्याने जगभरातल्या ग्रंथालयांची एकत्रित सूची असलेल्या वर्ल्डकॅटवर ते नाव घातलं. नोंद नाही. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर पाहिलं. नाही. जुनी पुस्तकं विकणाऱ्यांच्या याद्या चाळल्या. तिथेही नाही. ऑक्सफर्डचं १९९६ चं पुस्तक एकाही ग्रंथालयात नाही आणि जुन्या बाजारातही एक प्रत नाही, हे जवळजवळ अशक्य आहे. मग त्याने युद्धाचं नावच शोधलं. जे निकाल आले ते सगळे फिरून फिरून याच लेखाकडे जात होते: लेखाच्या नकला, नकलांच्या नकला.

त्याने लेख वगळण्याच्या चर्चेत ठेवला आणि हे सगळं तिथे मांडलं. लेख चलाखीने, कष्टाने रचलेला आहे, पण थापच आहे, असा त्याचा निष्कर्ष. थोड्याच दिवसांत लेख गेला.

आपल्याकडे अशा वेळी जाणकाराला विचारण्याची पद्धत आहे, आणि ती वाईट नाही. पण इथे जाणकाराची गरजच पडली नाही. जाणकार म्हणाला असता की असं युद्ध माझ्या वाचनात नाही. त्यावर लेखक म्हणू शकला असता, तुमचं वाचन कमी पडतं, नवं संशोधन झालंय. हा वाद महिनोन्‌महिने चालला असता. ‘हे पुस्तक कुठे आहे?’ या प्रश्नाला मात्र उत्तर एकच: पुस्तक समोर ठेवायचं. इंग्रजी विकिपीडियाचा पडताळणीचा नियमही हाच भार मजकूर ठेवू पाहणाऱ्यावर टाकतो. नसलेली गोष्ट नाही हे मी सिद्ध करायचं नसतं, असलेली आहे हे तुम्ही दाखवायचं असतं.

तळटीप तपासायची म्हणजे काय

संशय आला की पहिल्याच तळटिपेवर झडप घालू नका. ती बहुधा खरी असते. थापाड्या माणूस सुरुवातीला विषयाची पार्श्वभूमी खऱ्या पुस्तकांतून देतो. जे विधान फक्त याच लेखात आहे, म्हणजे लढाईची तारीख, सेनापतीचं नाव, तहाची कलमं, त्याला कुठला आधार दिलाय ते बघा. तो आधार कुठे मिळतो ते शोधा.

शोधताना शेजारी एक खरं पुस्तक ठेवा. त्याच विषयावरचं, त्याच काळात निघालेलं, तुम्हाला माहीत असलेलं. तेही त्याच सूचीत घालून पाहा. ते सापडलं आणि संशयित सापडलं नाही, तर त्या न सापडण्याला अर्थ आहे. दोन्ही सापडली नाहीत तर सूचीच अपुरी आहे, लेखकावर आळ घेऊ नका. ही साधी खबरदारी न घेता मी एकदा एका खऱ्या लेखावर ‘बनावट?’ असा साचा, म्हणजे पानाच्या माथ्यावरची तयार सूचना, लावला होता आणि चर्चा पानावर चांगलीच कानउघाडणी करून घेतली. पुस्तक छोट्या प्रकाशकाचं होतं, मी पाहिलेल्या सूचीत अशी पुस्तकं येतच नव्हती.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिला असेल तर काम अजून सोपं. २००६ पर्यंतचा क्रमांक दहा आकडी असतो. पहिल्या आकड्याला दहाने गुणायचं, दुसऱ्याला नऊने, असं करत शेवटच्याला एकने, आणि सगळ्यांची बेरीज करायची. शेवटी ‘एक्स’ असेल तर तो दहा धरायचा. बेरजेला अकराने निःशेष भाग गेला पाहिजे. मनाने रचलेला क्रमांक या चाळणीतून अकरांत एखादाच सुटतो. शिवाय क्रमांकात प्रकाशकाची ओळख असते: ऑक्सफर्डच्या इंग्रजी पुस्तकाचा दहा आकडी क्रमांक शून्य-एक-नऊने सुरू होतो. पुस्तक ऑक्सफर्डचं सांगितलंय आणि सुरुवात वेगळीच असेल, तर तिथेच थांबून विचारावं.

हल्ली मात्र उलटाच प्रकार दिसतो. यंत्राकडून लिहून घेतलेल्या लेखांत आयएसबीएन गणिताने बरोबर असतो, पण तो भलत्याच पुस्तकाचा. नियतकालिकाचं नाव खरं, खंड खरा, पानांचे आकडे खरे, लेख मात्र त्या पानांवर दुसराच. म्हणून क्रमांक बरोबर आला की सुटलो असं समजू नका, तो क्रमांक कुठल्या पुस्तकाचा आहे ते उघडून बघा. इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये यंत्राने लिहिलेल्या आणि कुणी न वाचता चढवलेल्या पानांसाठी तातडीने वगळण्याचा वेगळा निकषच केला. अस्तित्वात नसलेले संदर्भ ही त्यातली एक खूण आहे. २००७ मध्ये एका माणसाला जे करायला आठवडे लागले असतील ते आता मिनिटाचं काम झालंय, त्यामुळे गस्तीचं काम वाढलंय, हे सांगायला नकोच.

संदर्भ झाले की ‘येथे काय जोडले आहे’ हा दुवा दाबा. खरं युद्ध एकटं नसतं. त्यात लढलेल्या माणसांच्या लेखांत ते येतं, गावाच्या लेखात येतं, तहांच्या यादीत येतं, आणि ते वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी लिहिलेलं असतं. बनावट लेखाकडे येणारे दुवे मोजके असतात आणि त्यातले बरेचसे एकाच खात्याने दिलेले निघतात. अर्थात चिकाटीची माणसं इथेही मात करतात. चिनी विकिपीडियावर एका सदस्येने मध्ययुगीन रशियाचा आख्खा समांतर इतिहास रचला होता, दोनशेहून अधिक लेख, एकमेकांना दुवे देणारे, एकमेकांचा आधार घेणारे. त्यात एक न सापडणारी चांदीची खाणही होती. २०२२ मध्ये ते उघडकीला आलं, तेही एका कादंबरीकाराला ती खाण आवडली आणि त्याने मूळ रशियन संदर्भ शोधायला घेतले म्हणून. पुन्हा तेच. पुस्तक शोधायला निघालेला माणूस.

मराठीत गस्त घालणाऱ्यासाठी एक वेगळी अडचण आहे. इंग्रजीत शोधून काही सापडलं नाही म्हणजे थाप, असं इथे धरून चालत नाही. डिचोलीचं ‘बिचोलिम’ होतं, पेडण्याचं ‘पेर्नेम’, साखळीचं ‘सांकेलिम’. खरी लढाई पोर्तुगीज कागदात एका नावाने असेल, बखरीत दुसऱ्या आणि गॅझेटियरमध्ये तिसऱ्या. तीनही नावांनी शोधल्याशिवाय ‘सापडत नाही’ असं म्हणू नये. गावच्या यात्रेवर, एखाद्या शाहिरावर, तालुक्यातल्या चळवळीवर लिहिलेल्या लेखाला जालावर एकही आधार मिळत नाही आणि तो शंभर टक्के खरा असतो. त्याचं पान संशयावर उडवणं हा बनावट लेख ठेवण्याइतकाच गाढवपणा आहे. तिथे लिहिणाऱ्याला साधं विचारावं: कुठल्या पुस्तकात वाचलंत, पानाचा फोटो दाखवता का? खरं लिहिणारा बहुधा उत्साहाने दाखवतो, दोन पुस्तकं जास्तीची सांगतो. थापाड्या चिडतो किंवा गप्प होतो.

‘हे सगळं खुल्या ज्ञानकोशाचं पाप, छापील कोशात असं होत नाही’ हे वाक्य मला दर महिन्याला ऐकायला मिळतं. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, त्याचा फायदा आहे, मान्य. पण अमेरिकेत १८८० च्या दशकात निघालेल्या ‘ॲपल्टन्स सायक्लोपीडिया ऑफ अमेरिकन बायोग्राफी’ या भारदस्त चरित्रकोशात कधी जन्मालाच न आलेल्या शास्त्रज्ञांची चरित्रं होती. तीस वर्षांनी, १९१९ मध्ये, एका वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यातल्या चौदा बनावट वनस्पतिशास्त्रज्ञांचा छडा लावला. कसा? त्यांनी लिहिली म्हणून दिलेली पुस्तकं कुठेच मिळेनात. पुढे इतरांनी आणखी कितीतरी नावं काढली. त्या कोशाला छापील प्रती मागे घेता आल्या नाहीत.

वगळल्यानंतर

संशय पक्का झाला की काय करायचं याच्या दोन वाटा आहेत. थाप उघडउघड असेल तर प्रचालकाला, म्हणजे पानं वगळण्याचा अधिकार असलेल्या सदस्याला, सांगून पान लगेच काढता येतं. डिचोलीसारखी बेमालूम असेल तर घाई करू नये, चर्चेत न्यावी. तिथे साधारण सात दिवस मिळतात, कुणाकडे खरंच पुस्तक असेल तर तो पुढे येतो, आणि वगळण्यामागचं कारण लेखी राहतं. लिहिताना ‘लेखक खोटारडा आहे’ असं लिहू नये. ‘अमुक पुस्तक अमुक अमुक सूचीत नाही’ असं लिहावं. वाद माणसाकडे वळला की पुरावा बाजूला राहतो.

पान उडालं म्हणजे काम अर्धंच झालं. त्या खात्याची बाकीची सगळी संपादनं एकेक करून पाहावी लागतात. लबाडी एकाच पानापुरती क्वचितच असते. दर्जाच्या याद्यांतून नाव काढायचं, लढायांच्या याद्यांतून काढायचं, साच्यांतून काढायचं. इतर भाषांत कुणी भाषांतर करून ठेवलंय का ते बघायचं. हे कटाक्षाने करा, कारण भाषांतर करणारा मूळ तळटिपा डोळे झाकून उचलतो, आणि मग मूळ लेख गेल्यावरही ‘दुसऱ्या भाषेत तर आहे की’ म्हणून तो परत येऊ शकतो. विकिपीडियाच्या बाहेर गेलेलं आपल्या हातात नसतं. नकला करणारी संकेतस्थळं ती नक्कल वर्षानुवर्षं ठेवतात, आणि विकिपीडियाचे लेख गोळा करून छापील पुस्तकं विकणारेही आहेत. उद्या कुणी असं पुस्तक आधार म्हणून पुढे केलं, तर त्याच्या प्रकाशनाची तारीख बघा. लेखाच्या जन्मानंतरची असेल तर तो आधार नव्हे, प्रतिध्वनी.

डिचोलीच्या लेखाची प्रत मात्र नष्ट केली नाही. इंग्रजी विकिपीडियावर उघडकीला आलेल्या थापांची एक यादी आहे, तिच्यात तो जपून ठेवला आहे, माथ्यावर ठळक सूचना लावून. नव्या गस्तवाल्याला मी तो वाचायला देतो आणि आधी सांगत नाही की तो खोटा आहे. बहुतेक जण वाक्यरचनेतल्या चुका काढतात.

आणि एक बारीकसं काम, जे नेहमी राहून जातं. पान वगळलं की त्याच्याकडे येणारे दुवे निळ्याचे लाल होतात. लाल दुव्याचा विकिपीडियावरचा अर्थ ‘इथे लेख हवा आहे, कुणीतरी लिहा’ असा आहे. दोन वर्षांनी एखादा होतकरू सदस्य लाल दुव्यांची यादी घेऊन बसतो, त्याला ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’ दिसतं, तो जालावर शोधतो आणि त्याला नकला सापडतात. म्हणून पान गेलं त्याच दिवशी सगळ्या लेखांतून तो दुवा शोधून काढायचा. लाल सोडायचा नाही.